भाकरी कुणाच्या हातची

३ नोव्हेंबर, सोमवार

पुण्याच्या कंपनीनं दोन दिवसांचं शिबिर घेतलं. विषय, बदलाच्या काळात संस्था कशी चालवावी. जेवण बेताचंच, भाकरी तर खाववेना. शिकवणारे गृहस्थ म्हणाले, प्रमुखानं रोज चार ओळी लिहाव्यात, म्हणजे डोकं स्वच्छ राहतं. माझं डोकं आधीपासूनच स्वच्छ आहे, पण त्यांनी दिलेली वही चांगली निघाली, कोरी ठेवायला जीव होईना. म्हणून लिहिते.

आमचं कडक भाकरीचं महिला मंडळ मी आणि मीनाबाईनं मिळून सुरू केलं, त्याला दहा-अकरा वर्षं झाली. पद्धत साधी. मी पीठ द्यायचं, बायकांनी आपापल्या घरी भाकऱ्या थापून, भाजून, मंद आचेवर कडक करून सकाळी दुरडीतून आणायच्या, मग मी दुकानांत पोचवायच्या. दसऱ्यापासून शहरात मशीनची भाकरी आली आणि एकेका दुकानदारानं तोंड फिरवलं. ती स्वस्त, आणि सगळ्या एकसारख्या गोल. तिला चव नाही हे सांगून सांगून माझी जीभ वाळली. चवीचं कुणाला पडलंय?

त्यात ही कंपनी भेटली. तिला ‘बायकांच्या हातची भाकरी’ मोठ्या शहरांत विकायची आहे. अट अशी की घरोघरी काम चालणार नाही. एका शेडमध्ये, टोपी-एप्रन घालून, सगळ्यांनी एकत्र करायचं. संक्रांतीला आमच्याकडे गड्ड्याची यात्रा भरते, ती सुरू व्हायच्या आत ठरलेला माल रोज निघायला लागला तर वर्षाचा करार, नाहीतर रामराम. मी तिथल्या तिथे सही केली. येताना गाडीतूनच उरलेल्या दुकानांना फोन करून टाकले, आता आमचा माल येणार नाही म्हणून. मागे दोर ठेवला की माणूस मागेच बघत राहतो.

घरी आल्यावर यजमानांना, शिवयोगींना, सांगितलं. त्यांचं नेहमीचंच, ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मीनाबाईला इचारलीस का?” म्हटलं, तिला काय विचारायचं, ती माझ्यासोबतच आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

बैठक घेतली. छत्तीसच्या छत्तीस बायका आल्या. सगळं समजावून सांगितलं. मशीनपुढे टिकायचं तर बदलायला हवं, आज नाही बदललो तर होळीपर्यंत मंडळाला कुलूप लागेल. शेवटी विचारलं, कुणाची काही अडचण? सगळ्या म्हणाल्या, “न्हाय ताई.” इतकी गुणी माणसं नशिबानंच मिळतात.

फक्त मीनाबाई उठली. “ताई, निम्म्या भाकऱ्या घरनं करून आणल्या तर चालत्याल का?”

“नाही चालणार. का गं?”

“काय न्हाय. घरात हात बसल्यालं असत्यात.”

म्हटलं, हात तर तुझे तुझ्यासोबतच येणार की शेडमध्ये. बायका हसल्या. ती हसली नाही, खाली बसली. मीनाबाईला नवं काही नको असतं, हे मला पूर्वीपासून ठाऊक आहे. पण रोज सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत देखणी भाकरी तिचीच येते, म्हणून तिच्या जिवावर मी उड्या मारते. जाताना सगळ्यांना शब्द दिला, ह्यात एकही बाई कमी होणार नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

एप्रनची मापं घ्यायला मीनाबाईच्या घरी गेले. दार आतून लावलेलं, भर सकाळी. बऱ्याच वेळानं तिच्या नवऱ्यानं, ईश्वरनं, उघडलं. हा पूर्वी ट्रकवर होता. अपघातात पाय मोडला, आत सळई घातली, तेव्हापासून घरी आहे. मीनाबाई पाणी भरायला गेली होती. घरात भाजल्याचा वास सुटलेला, चूल पेटती आणि मीनाबाई नळावर. बाईला किती ठिकाणी पुरं पडावं लागतं, ह्याचं मला वाईट वाटलं. ह्या धडधाकट बाप्याला निदान घागर तरी उचलता यावी. त्याच्या बोटांच्या टोकांवर काळे डाग होते. विड्या ओढून ओढून झालेले असणार.

सासू बजाबाई कोपऱ्यात परात पुढ्यात घेऊन बसली होती. माझा आवाज ऐकताच परात पदराखाली घ्यायला लागली. म्हातारपणी माणसाचं असं काहीतरी होतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये आज काम सुरू झालं. गॅसच्या मोठ्या शेगड्या, लखलखीत ओटे, भिंतीला पंखे. पांढऱ्या टोप्या घालून बसलेल्या आमच्या बायका बघून माझे डोळे भरून आले, खोटं का सांगू. कंपनीची अंकिता म्हणून तरुण अधिकारी आली आहे, महिनाभर इथेच राहणार. चटपटीत आहे. ती म्हणाली, मॅडम, तुमच्यासारखी लीडर सगळीकडे असती तर काम किती सोपं झालं असतं. मी नको नको म्हटलं, पण बरं वाटलं.

माल कमी निघाला. पहिला दिवस, चालायचंच.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आठवडा संपला. घरून यायचा त्याच्या निम्मासुद्धा माल निघत नाही. त्याच बायका, तेच पीठ, वर गॅस आणि पंखा. मग कमी का? मला एकच उत्तर दिसतं. ह्यांना बदल नको आहे, म्हणून मुद्दाम हात आखडता घेतात. शिबिरात सांगितलंच होतं, विरोध तोंडानं होत नाही, कामातून होतो.

सगळ्यांत मोठा धक्का मीनाबाईचा. जिची दुरडी ओसंडून वाहायची, तिची भाकरी इथे कडेला जाड, मध्ये करपलेली. जवळ जाऊन हळूच विचारलं, “हे काय लावलंयस?”

“जमंल ताई. थोडं दिवस द्या.”

“अकरा वर्षं जमत होतं की.”

ती गप्प बसली. चिडलेल्या माणसाचं गप्प बसणं मला कळतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

अंकिताच्या सांगण्यावरून शेडच्या दारात फळा लावला. रोज कुणाच्या किती भाकऱ्या, ते नावापुढे लिहायचं. सगळ्यांत खाली मीनाबाईचं नाव आलं. लिहिताना माझाच हात अडला, पण नियम म्हणजे नियम. मैत्रीण म्हणून सोडलं तर बाकीच्या पस्तीस जणी काय म्हणतील?

तिनं फळा वाचला, टोपी घातली आणि जागेवर जाऊन बसली. दुपारी नेहमी माझ्यासोबत डबा खाते, आज बाहेर पायरीवर खाल्ला. मला राग आला. माझा डबा तसाच घरी परत आला.

जेवताना यजमान म्हणाले, “घरी तिला कोण हातभार लावत असंल की.” म्हटलं, कोण लावणार, सासूला दिसत नाही, मुलगी सासरी गेली आणि नवरा भिंतीला टेकून बसलेला असतो.

३० नोव्हेंबर, रविवार

आज जे बघितलं ते लिहिल्याशिवाय चैन पडायचं नाही.

सुट्टी होती. मीनाबाईला दोन शब्द समजावून सांगावेत आणि भांडण मिटवावं म्हणून न सांगताच तिच्या घरी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. ढकललं, तर ईश्वर तव्यापुढे! वाकडा पाय पुढे पसरून, पाटावर बसून, हातानंच भाकरी उलटत होता. बजाबाई नुसत्या चाचपण्यावर थापून देत होती, मीनाबाई पीठ मळत होती. त्याच्या हातची भाकरी टम्म फुगली, काठावर एक डाग नाही. ती खाली उतरवून दुसरी टाकेपर्यंत त्याला मी दिसलेच नाही. तोंडानं काहीतरी गुणगुणत होता.

म्हणजे मीनाबाईची भाकरी, जिचं गेल्या वर्षी महिला मंडळांच्या प्रदर्शनात सगळ्यांनी कौतुक केलं होतं, ती ईश्वरनं भाजलेली. आणि एका नावाखाली ह्या घरात तिघं राबत होते. शेडमध्ये आलं ते एकच माणूस. मी कपाळावर हात मारून घेतला. इतर घरांतही असंच असणार, कुठे सासू, कुठे पोरी, कुठे नवरा. मुद्दाम कुणीच काही केलेलं नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की हसूच आलं.

लगेच फोन काढला आणि व्हिडिओ घेतला. ईश्वरचं लक्ष गेलं तसा हात तव्यावरच राहिला त्याचा, मग पाठ फिरवून बसला. लाजला बिचारा.

मीनाबाई उठून आली. “ताई, हे हितंच ऱ्हाऊ द्या.”

“अगं, लपवण्यासारखं काय आहे त्यात? अभिमानाची गोष्ट आहे.”

“तसं न्हाय ताई. ह्यांच्या गाडीवरच्या लोकान्ला...” एवढं बोलून थांबली. सासूनं पाणी दे म्हणून हाक मारली, तेव्हा विषय तुटला. स्वतःच्या घरच्या माणसाचं कौतुक ऐकायला ह्या बायकांना संकोच वाटतो.

घरी येऊन व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आमच्या मीनाबाईच्या यशामागचे हात. आदर्श पती ईश्वर. सर्व बंधूंनी बोध घ्यावा.’ यजमानांना दाखवला. त्यांनी पूर्ण बघितला आणि म्हणाले, “त्याला इचारलीस का, टाकू का म्हणून?”

कौतुक करायला काय विचारायचं असतं? ह्यांना प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची सवयच आहे.

१ डिसेंबर, सोमवार

मीनाबाई आली नाही. बरं नसेल.

अंकिता ग्रुपवर आहेच. तिनं तो व्हिडिओ कंपनीच्या पानावर टाकला, मागे सनई लावून. हजारो लोकांनी बघितला म्हणे. शेडमधल्या फळ्यावरची नावं मी पुसली आणि बायकांना सांगितलं, माझा तुमच्यावर राग नाही, मला सगळं कळलंय. त्या एकमेकींकडे बघत राहिल्या.

५ डिसेंबर, शुक्रवार

मीनाबाई पाच दिवस आलेली नाही. फोन उचलत नाही.

बाकीच्याही उशिरा यायला लागल्यात. आज एकीला विचारलं तर म्हणाली, “घरचा सैपाक करून यायला लागतंय ताई. मालक पैलं तवा बघायचे, आता हात लावंना झालेत.”

“का?”

“म्हणत्यात, कोण कवा फोन घिऊन दारात हुबारंल, नेम न्हाय.”

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मी सबंध दुपार शेगड्यांची नळी तपासत बसले. तिच्यात काही बिघाड नव्हता.

७ डिसेंबर, रविवार

शेवटी मीनाबाईच आली. आत ये म्हटलं तर दारातच उभी राहिली. घडी घातलेला एप्रन माझ्या हातात दिला.

“रागावलीस ना माझ्यावर? अगं, मी वाईट काय बोलले?”

“वाईट न्हाय बोललाव.”

“मग?”

तिनं पदर खोचला. मग एका दमात बोलली. “पाय मोडल्यावर दोन वर्सं भितीकडं तोंड करून पडून होते, ताई. जेवा म्हणलं की जेवायचे, झोपा म्हणलं की झोपायचे. एकदा मला ताप आला म्हणून आपणहून तव्यापुढं बसले. तवापास्नं माणसात आले. दार लावून करायचे, पर करायचे. त्या गाडीवरच्या लोकान्नी व्हिडिओ बघितला. आता कोनबी फोन करून ह्यान्लाच म्हणतंय, काय वयनी, चार भाकऱ्या पायजेत. हे सगळे त्यांच्या हाताखाली शिकल्याली पोरं. परवापास्नं पुन्ना भितीकडं तोंड हाय. तवा थंड हाय आमचा.”

मी म्हटलं, मी येते, समजावते. ती म्हणाली, नको. आवाज चढला नव्हता. चढला असता तर मलाही चढवता आला असता.

तिला पाणीसुद्धा विचारायचं राहिलं.

९ डिसेंबर, मंगळवार

अंकिता सकाळी उड्या मारतच आली. कंपनीच्या वरच्या लोकांना ईश्वरचा व्हिडिओ फार आवडलाय. पाकिटावर त्याचा फोटो छापायचा, शेजारी लिहायचं, ‘तिच्यासाठी तव्यापुढे बसलेला तो’. तसं झालं तर वर्षाचा करार आत्ताच, माल कमी निघाला तरी चालेल, मे महिन्यापर्यंत मुदत. मी म्हटलं, बायकांच्या हातची भाकरी म्हणणारे तुम्हीच ना? ती म्हणाली, “मॅडम, मार्केट बदलतं. पण आज हो-नाही सांगा, डिझाइन थांबलंय.”

खिडकीतून बघितलं. छत्तीसमधली एक जागा रिकामी, पस्तीस टोप्या खाली वाकलेल्या. गड्ड्याला महिनाभर उरलाय आणि माल निम्म्यावर. जुनी दुकानं मीच तोडली. हा करार गेला तर ह्या पस्तीस जणी धुणीभांडी शोधायला जाणार. एका माणसाची लाज आणि पस्तीस घरं, असा तराजू मांडला. मांडला म्हणजे काय, मांडायच्या आधीच उत्तर ठरलेलं होतं.

हो म्हणाले.

संध्याकाळी यजमानांनी विचारलं, “काय लिहिलालीस एवढं?” वही मिटून टाकली.

१० डिसेंबर, बुधवार

हो म्हटलंय तरी त्याच्या कानावर घालायला हवं, म्हणून आज मीनाबाईच्या घरी गेले. मनात वाक्यं जुळवत होते. शिबिरात एक पद्धत शिकवली होती, आधी फायदा सांगायचा, मग बदल सांगायचा.

दार उघडं होतं. ईश्वर खाटेवर, तोंड भिंतीकडे. मीनाबाईनं “ताई आल्यात” म्हटलं तसा तो उठून बसला, सदरा सारखा केला. बजाबाईनं मला पाट दिला. तिला मी कोण ते कळलं असावं.

मी फायदा सांगितला. करार, पस्तीस घरं, मे महिन्यापर्यंतची मुदत. मग फोटोचं सांगितलं. मुद्दाम असं बोलले की जणू काही अजून ठरायचंच आहे. “म्हटलं तुम्हाला विचारावं,” असंही म्हणून बसले. का म्हणाले कुणास ठाऊक, जिभेवर आलं.

तो स्वतःच्या बोटांकडे बघत होता. ते डाग तव्याचे आहेत, हे मला आता दिसतं.

“त्या दिशी काढू का म्हणून इचारलं असतं तुमी, तर मी न्हायच म्हणलो असतो,” तो म्हणाला. “पर इचारल्यालं बरं वाटलं असतं. लई बरं वाटलं असतं.”

मी मान खाली घातली.

“आज इचारायला आलाव. एवढ्या मोठ्या कामाच्या, तरी आलाव. आता सांगतो. माझं न्हाय म्हणणं हाय. बायकांचं नुकसान व्हनार, मला कळतंय. पर माझं तोंड दुकानात टांगल्यालं मला बघवायचं न्हाय.”

“बरं,” म्हणाले.

मीनाबाईनं चहा ठेवला. किती दिवसांनी तिच्या हातचा चहा. जाताना ती दारापर्यंत आली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, “आज लई बरं केलाव ताई.” मला तोंड वर करता येईना. सांगून टाकावं की कालच हो म्हणून बसलेय, असं दहादा ओठांवर आलं. चप्पल घातली आणि निघाले.

रिक्षात बसल्यावर अंकिताला फोन लावला. फोटो नको म्हटलं. ती म्हणाली, तुम्ही काल हो म्हणालात. म्हटलं, चुकून म्हणाले. व्हिडिओही काढून टाका. “मॅडम, मग पहिलीच अट राहील. गड्ड्याच्या आत पूर्ण माल.” म्हटलं, माहीत आहे. तेवढा माल निघणार नाही हे तिलाही माहीत आहे. तिनं “ओके मॅडम” म्हणून फोन ठेवला.

यजमानांना सगळं सांगितलं, कालच्या होकारासकट. त्यांनी ऐकलं, पाणी आणून दिलं. वाटलं होतं, आता तरी शाबास म्हणतील. म्हणाले, “बायकांना कवा सांगणार?”

उद्या सकाळी शेडमध्ये सगळ्यांना बसवून सांगायचं आहे की गड्ड्यानंतर काम नाही. ईश्वर नाही म्हणाला हे सांगता येणार नाही, नाहीतर सगळ्या त्याच्या दारात जाऊन उभ्या राहतील. म्हणजे मीच ठरवलं असं सांगावं लागेल. तसं ते खरंच आहे. पस्तीस घरांचं आज रिक्षात बसून ठरवलं, आणि त्यातल्या एकीलाही विचारलेलं नाही.